टोल वाजतो कोठे?

‘महारोग’ हा शब्द मराठीने किती धाकाने घडवला असेल! शब्दांची कुळकथा सांगणे हा माझा, मराठीच्या प्राध्यापकाचा, धंदा. पण या शब्दातली भीती कोशाने जाईना. ती घालवली विज्ञानाने.

आम्हां वैदर्भीयांना हा रोग परका नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले. वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी तर कलकत्त्यास आपल्या शरीरात हे जंतू टोचून घेतले. हॅन्सनने १८७३ साली शोधलेला हा जंतू काचेच्या भांड्यात वाढत नाही, म्हणून हे साहस. पण तो बाबांच्या देहातही वाढला नाही!

नवल नाही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव माणसांना हा रोग जडतच नाही. मग उरलेल्यांनाच का?

आपल्या पांढऱ्या पेशींवर प्रथिनांचे सूक्ष्म पहारेकरी असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘टोल’च्या जातीचे ग्राही म्हणतात. हा ‘टोल’ जर्मन भाषेतला, अर्थ ‘कमाल!’ मला मात्र आपला घंटेचा टोलच आठवतो, आणि कामही तेच! जंतूच्या आवरणातले स्निग्ध प्रथिन या ग्राहींच्या एका जोडीला भिडले की पेशीत धोक्याचा टोल पडतो. अशा ग्राहींचे मर्म उकलल्याबद्दल हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जंतू एकच, पण रोगाची रूपे दोन. एकाच्या अंगावर मोजके बधिर चट्टे, दुसऱ्याच्या कातडीत जंतूंचा सुकाळ. पहिल्याच्या चट्ट्यात हे पहारेकरी अधिक दिसतात, असे २००३ च्या संशोधनात आढळले. पण वाचकहो, टोल जोरात पडला म्हणजे सारे कुशल असे समजू नका. जंतूंवर तुटून पडलेली आपलीच सेना शेजारच्या मज्जातंतूंना चिरडते; हातपाय बधिर होतात, बोटे वाकतात. एकदा गेलेली संवेदना पुष्कळदा परतत नाही. म्हणून घाई करायची ती येथे.

औषध सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. उपचार सुरू होताच रोग्यापासूनचा संसर्ग लवकरच थांबतो. तरी या रोगापायी घटस्फोट मागण्याची मुभा आपल्या कायद्याने २०१९ पर्यंत ठेवली होती! कायदा सुधारला, घराघरांतली कुजबुज अजून सुधारायची आहे.

अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला आणि त्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर तो सदऱ्याखाली झाकू नका. शरीराने आपला टोल दिलेला असतो. तो ऐकायचा की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.