लाकडाची कमान आणि थांबण्याची मजुरी

ठाण्याहून बाळकुमच्या बाजूने खाडीचा पूल ओलांडला की कशेळी लागते आणि कशेळीला लागूनच काल्हेर. एका अंगाला खाडी, रेतीबंदर, भाताच्या उरल्यासुरल्या खाचरांचे तुकडे. दुसऱ्या अंगाला गोदामे आणि रस्त्याच्या कडेने फर्निचरची दुकाने. मुंबई-ठाण्याची मंडळी येथे संसाराचे सामान घ्यावयास येतात. पलंगाची गोलाई, खुर्चीची वळणदार पाठ, लग्नाच्या हॉलसाठी केलेली दहा-दहा फुटांची लाकडी कमान, यांवरून हात फिरवतात, भाव विचारतात आणि घासाघीस करतात. लाकूड वाकले कसे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

युनियनचा माणूस व्याख्यानमालेत लाकूड वाकवण्यावर बोलणार, हे कळल्यावर आमच्या काही मित्रांनी भुवया उंचावल्या. मजुरीवर बोला, म्हणाले. मजुरीवरच बोलावयाचे आहे. परंतु ज्या कामाची मजुरी ठरवावयाची ते काम समजल्याशिवाय बोलणे म्हणजे हवेत काठी फिरवणे होय. आम्ही सुतार नाही. शाळाही फार शिकलो नाही. पण कारखान्याच्या दारात बसून कारागिरांना विचारून विचारून जे समजले, ते क्रमाने सांगतो.

वाकडे लाकूड ही माणसाची गरज फार जुनी. होडी बांधणारा कारागीर होडीच्या बरगड्यांसाठी रानात मुद्दाम वाकडी फांदी शोधीत असे. झाडच वाकडे वाढलेले असल्यामुळे लाकडाचे तंतू वळणाबरोबर वळलेले असतात आणि म्हणून ती बरगडी मजबूत. बैलगाडीच्या चाकाची तऱ्हा वेगळी. तेथे फळीतून वक्र तुकडे कापून ते एकापुढे एक जोडतात आणि वरून लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होऊन आवळली की सगळे तुकडे एकमेकांना घट्ट धरतात. येथे मेख अशी की सरळ फळीतून वक्र तुकडा कापला की त्याच्या टोकांशी तंतू आडवे तुटतात, आणि आडव्या तंतूवर लाकूड खारीसारखे मोडते. चाकाला धाव आहे म्हणून निभते. हॉलच्या कमानीला धाव कोठून आणणार?

तिसरी रीत वाफेची. मुंबईच्या इराणी हॉटेलातली ती काळी, गोल पाठीची खुर्ची पुष्कळांनी वापरली असेल. त्या घराण्याचा मूळपुरुष मायकेल थोनेट हा जर्मन कारागीर. बीचच्या सळ्या वाफेवर मऊ करून तो लोखंडी साच्यात वाकवी. त्याची १८५९ सालची चौदा नंबरची खुर्ची जगभर गेली. वाफेने मऊ झालेले लाकूड दाबले तर पुष्कळ दबते, पण ताणले तर फारसे ताणत नाही. म्हणून थोनेट वळणाच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी बांधी, म्हणजे ताण पट्टीने घ्यावयाचा आणि लाकडाने नुसते दबावयाचे. युक्ती नामी आहे. पण त्यापूर्वी, १८३० नंतरच्या दशकात, हाच थोनेट पातळ पट्ट्या गोंदात भिजवून, एकत्र वाकवून चिकटवण्याचे प्रयोग करीत होता, आणि आमचा आजचा विषय तोच आहे.

थोडा हिशेब करू. समजा, कमान अर्धगोल आहे, आतली त्रिज्या ९०० मिलिमीटर आणि लाकडाची जाडी ६० मिलिमीटर. एवढा जाड दांडा त्या वळणावर वाकवला तर मधली रेघ आहे तेवढीच राहते, आतली बाजू आखडते आणि बाहेरची लांबते. किती लांबते? जाडीचा निम्मा भाग भागिले मधल्या रेघेची त्रिज्या, म्हणजे ३० भागिले ९३०, शेकडा सव्वातीन. कोरडे लाकूड शेकडा एकच्या आसपास ताणले की तुटते. तेव्हा हा दांडा वाकणार नाही, फाटेल. आता तोच दांडा चिरून ४ मिलिमीटरच्या, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सव्वा सुताच्या, पंधरा पट्ट्या केल्या तर? प्रत्येक पट्टीच्या बाहेरच्या अंगाला ताण पडतो शेकडा पावाहूनही कमी. पट्टी हाताने वाकते.

पण पट्ट्या वाकल्या म्हणून कमान झाली नाही. शंभर पानी वही हातात धरून वाकवून पाहा. पाने एकमेकांवरून सरकतात आणि वहीची कड तिरपी होते. पट्ट्यांचेही तसेच. अर्ध्या वर्तुळावर आतल्या पट्टीपेक्षा तिच्यावरच्या पट्टीला साडेबारा मिलिमीटर, सुमारे अर्धा इंच, अधिक अंतर कापावे लागते. पंधरा पट्ट्या बरोबर एका मापाच्या घेतल्या, तर कमानीच्या दोन्ही टोकांना पाव-पाव इंचाच्या पायऱ्या दिसतात. म्हणजे पट्ट्या सरकू दिल्या तरच वाकतात. आणि वाकल्यावर सरकू दिल्या नाहीत तरच तशा राहतात. आधी सरकू देणारा आणि मग न सरकू देणारा असा जो पदार्थ मध्ये घालावयाचा, तो गोंद. ओला असेतो वंगण, सुकल्यावर कुलूप. सुकलेल्या पंधरा पट्ट्या एकाच दांड्यासारख्या वागतात. सुट्या पंधरा पट्ट्यांच्या तुलनेत जोडलेल्या दांड्याचा ताठपणा पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे सव्वादोनशे पट होतो. याच तत्त्वावर वायमारच्या ऑटो हेट्झर याने १९०६ साली वक्र तुळयांचे पेटंट घेतले.

आता काल्हेरच्या कारखान्यात काय घडते ते पाहू. पहिले काम फर्म्याचे. जाड प्लायच्या फासळ्या कमानीच्या आकारात कापून, त्यांवर पट्ट्या ठोकून एक भक्कम पालखी उभी करतात. ही एक सूत चुकली तर तिच्यावर निघणारी प्रत्येक कमान एक सूत चुकते. तिच्यावर मेण चोळतात किंवा चिकटपट्टी लावतात, नाहीतर कमान फर्म्यालाच कायमची बिलगते. मग पट्ट्या चिरावयाच्या. चार मिलिमीटरची पट्टी काढताना गोल करवत सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खाते. साठ मिलिमीटरची कमान हाती येते तेव्हा पंचेचाळीस मिलिमीटरचा भुसा झालेला असतो. रंध्याचा चुरा वेगळाच. मालक याला नासाडी म्हणतो आणि ती लाकडाच्या खर्चात धरतो. त्या भुशातला बारीक अंश कारागिराच्या छातीत जातो, तो कोठेच धरला जात नाही. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नमूद केले आहे. काही गोंदांतून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूविषयी तिने २००४ साली तोच निर्वाळा दिला. तोंडावर बांधलेला गमछा ही धूळ अडवीत नाही, वायू तर नाहीच नाही. धूळ ओढून घेणारा पंखा करवतीच्या तोंडाशीच हवा.

पट्ट्या झाल्यावर गोंद न लावता एक कोरडी तालीम करतात. सगळ्या पट्ट्या फर्म्यावर चढवून, शिकंजे आवळून, कोठे फट राहते ते पाहतात आणि पुन्हा सगळे सोडवतात. दहा फुटांच्या कमानीला सहा-सहा इंचांवर एक, असे वीस शिकंजे लागतात. बाहेरच्या माणसाला वाटते, एकदा आवळले ते सोडले कशाला? पण खऱ्या वेळी घाई असते. पंधरा पट्ट्यांना चौदा जोड, आणि दोन्ही अंगांना गोंद लावावयाचा म्हणजे अठ्ठावीस पृष्ठे. पहिल्या पृष्ठावरचा गोंद सुकू लागण्यापूर्वी शेवटचा शिकंजा आवळला गेला पाहिजे. मधल्या शिकंज्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना टोकाकडे जावयाचे, म्हणजे पट्ट्यांना बाहेर सरकण्यास वाट राहते. उलट केले तर पट्ट्या मध्येच अडतात आणि फुगवटा येतो.

आणि मग थांबावयाचे.

हे थांबणे हाच या धंद्याचा गाभा आहे, असे आमचे मत झाले आहे. पांढरा गोंद तासाभरात धरतो खरा, पण पूर्ण बळ यावयास दिवस लागतो, आणि वाकलेली पट्टी सारा वेळ सरळ होऊ पाहत असते. पावडरीचा गोंद, ज्याला युरिया-फॉर्मल्डिहाइड म्हणतात, तो अधिक कडक बसतो. तोही रात्रभर ठेवावा लागतो. फर्म्यावरून काढल्यावर कमान किंचित उमलते. हिशेबाने तीन पट्ट्यांची कमान नवव्या हिश्शाने उमलेल, पंधरांची सव्वादोनशेव्या हिश्शाने. म्हणजे आमच्या कमानीची त्रिज्या जेमतेम चार मिलिमीटरने वाढेल. पण हा हिशेब गोंद पूर्ण बसला असेल तरचा. कोवळा असताना सोडला तर जोड आतल्या आत सरकतात, आणि मग किती उमलेल हे फर्मा करणाराही सांगू शकत नाही. त्यात आपली हवा. काल्हेर खाडीकाठी आहे. पावसाळ्यात उघड्या शेडमधले लाकूड सोळा-अठरा टक्के ओलावा धरते. त्यावर पाण्याचा गोंद लावला तर तो सुकणार केव्हा? उन्हाळ्यात नेमके उलट, गोंद लावता लावताच सुकतो.

जोड सुटला की दोष कोणाचा, हा वाद जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात मॉस्किटो नावाचे लाकडी विमान बांधीत. लाकडाचे पापुद्रे साच्यावर चिकटवण्याचे ते काम फर्निचरच्या कारखान्यांतले सुतारही करीत. १९४४ साली भारतात यांतली काही विमाने हवेत मोडून पडली, तेव्हा दोष हिंदुस्थानच्या हवेचा, गोंदाचा की बांधणीचा, यावर चौकशा झाल्या. विमानासाठी साहेब चौकशी नेमतात. कमानीसाठी मुकादम मजुरीच कापतो.

अशाच एका तंट्यात आम्हांला बोलावणे आले होते. कारखान्याचे नाव सांगत नाही; तंटा पुष्कळसा मिटला आहे. लग्नाच्या हॉलसाठी सहा कमानी करावयाच्या होत्या. मजुरी नगावर. कारागीर काही उत्तर प्रदेशचे, काही राजस्थानचे, एक शहापूरकडचा. दोन कमानी बसवल्यावर महिन्याभरात त्यांचे जोड उघडले आणि मालकाने चौघांच्या मजुरीतून भरपाई कापली. म्हणणे असे की यांनी गोंद चोरला, पुरता लावलाच नाही.

आमच्याबरोबर एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी दोन्ही कमानींचे तुकडे मागवले आणि जोडात पटाशी घालून ते उकलले. मालकाला जवळ बोलावून म्हणाले, "शेटजी, नीट बसलेला जोड उकलला तर गोंद सुटत नाही, लाकूड फाटतं. दोन्ही बाजूंना तंतू दिसतात. हे बघा, असं. आता इकडे बघा." एका कमानीत एका पट्टीवर गोंद काचेसारखा गुळगुळीत होता आणि समोरच्या पट्टीवर करवतीच्या खुणा जशाच्या तशा. गोंद भरपूर होता. पण दुधावर साय धरावी तशी त्यावर साय धरली होती आणि मग पट्टी टेकली होती. दुसऱ्या कमानीत गोंद पांढुरका, ताणलेल्या रबरासारखा. म्हणजे तो ओला असतानाच शिकंजे निघाले होते.

मग आम्ही विचारले, साय का धरली? कमानी भरल्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आणि अठ्ठावीस पृष्ठांना गोंद लावावयास माणसे दोन. बाकीचे दोघे करवतीवर, कारण नग पुरे झाल्याशिवाय पैसे नाहीत. शिकंजे लवकर का काढले? कारखान्यात शिकंजे एकूण वीस. पहिली कमान रात्रभर आवळून ठेवली तर दुसरी उद्याच भरावयाची, आणि त्या वेळाची मजुरी कोणी देत नाही. चार तासांत काढले.

भिवंडीच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. यंत्रमागावर मजुरी मीटरने मिळते. वीज गेली, माग थांबला, की विणकराची मजुरीही थांबते. पण माग थांबला तर कापड निदान बिघडत नाही. येथे थांबले नाही तर कमान बिघडते. जे थांबणे मालाला आवश्यक आहे ते कामाचाच भाग आहे, हे आम्ही मालकाला नाना परीने सांगून पाहिले. शेवटी मालकाला पटले ते त्या काचेसारख्या गोंदामुळे, आमच्या भाषणामुळे नव्हे, हे कबूल केले पाहिजे.

कायदाही हाताशी होता. मालाच्या नुकसानीबद्दल मजुरी कापावयाची तर नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच होते. २०१९ च्या वेतन संहितेत तो कायदा सामावून घेतला तेव्हा हे तत्त्व तसेच राहिले. येथे चौघांपैकी एकालाही कोणी काही विचारलेले नव्हते.

तडजोड झाली ती अशी. कापलेली रक्कम दोन हप्त्यांत परत. कमान भरावयाची ती उन्हे कलल्यावर, आणि त्या वेळी करवत बंद ठेवून चौघांनी गोंदावर यावयाचे. शिकंजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढावयाचे नाहीत. आवळल्याची वेळ फर्म्यावर खडूने लिहावयाची. कोरड्या तालमीचा अर्धा रोज वेगळा. मालकाने वीस शिकंजे आणखी घ्यावयाचे. हे शेवटचे कलम त्याने सर्वांत आधी पाळले, कारण त्यात त्याचाच फायदा होता.

फर्म्याचे मात्र अजून जमलेले नाही. एका फर्म्यावर सहा कमानी निघतात, पुढच्या वर्षी आणखी बारा निघतील. पण ज्याने तो केला त्याला मजुरी मिळाली ती पहिल्या कमानीच्या नगातच धरून. शहापूरकडच्या त्या कारागिराचे म्हणणे आहे की फर्मा हा स्वतंत्र नग धरावा. मालक म्हणतो, फर्मा काही विकला जात नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघावयाचा आहे.