गांधारशिल्पांची दोन स्थलांतरे

चंडीगड म्हटले की ल कॉर्ब्यूझिए याने आखलेले सरळ, रुंद रस्ते आणि काँक्रीटच्या भव्य वास्तू डोळ्यांपुढे येतात. भूतकाळाचे ओझे नसलेले नगर म्हणूनच ते वसविण्यात आले. परंतु त्याच्या दहाव्या सेक्टरमधील शासकीय वस्तुसंग्रहालयात पाऊल टाकताच दीडदोन सहस्र वर्षांपूर्वीचे गांधार आपल्यासमोर उभे राहते.

गांधार म्हणजे पेशावर, स्वात व तक्षशिला यांच्या परिसरातील प्राचीन प्रदेश. तेथील बुद्धमूर्तींचे कुरळे केस, दोन्ही खांदे झाकणाऱ्या वस्त्राच्या खोल चुण्या आणि स्तूपाचा भार पेलणारे ॲटलससारखे पुरुष पाहिले, की ग्रीक शिल्पाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यावरून ही अलेक्झांडरबरोबर आलेल्या शिल्पकारांची करणी असावी, असा समज होतो. तो बरोबर नाही. अलेक्झांडर इ. स. पू. ३२६ मध्ये पंजाबात आला. ही शिल्पे प्रामुख्याने इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांतील. मधल्या काळात मिलिंदासारखे यवन राजे होऊन गेले, शक आणि कुषाण आले, आणि रोमन साम्राज्याशी व्यापार वाढला. रूप पश्चिमेकडून आले, आशय मात्र बौद्धच राहिला.

महाराष्ट्रालाही यवन अपरिचित नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभांवर यवन दात्यांचे लेख कोरलेले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. ती सातवाहनकालीन वस्तीच्या जागी, इतर कांस्यवस्तूंसमवेत मिळाली. म्हणूनच ती आपल्याला सागरी व्यापाराची हकीकत सांगू शकते. मूर्ती कोठे व कशाच्या सोबतीत सापडली, हे तिच्या सौंदर्याइतकेच मोलाचे असते.

गांधारशिल्पांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. एकोणिसाव्या शतकात अनेक स्तूप व विहार उकरले गेले ते सुंदर मूर्ती मिळविण्यासाठी. कोणता दगड कोणत्या थरातून निघाला याची नोंद बहुधा झाली नाही. यात केवढी हानी झाली, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. स्तूपाभोवतीच्या शिलापट्टांवर बुद्धाचे जन्म, गृहत्याग, संबोधी हे प्रसंग क्रमाने कोरलेले असत. भाविक स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाली. त्यामुळे कथा त्याच्यापुढे उजवीकडून डावीकडे उलगडत जाई. एकेक पट्ट सुटा झाला, आणि चरित्राची सुटी पाने तेवढी उरली. हे या शिल्पांचे पहिले स्थलांतर.

दुसरे स्थलांतर फाळणीने घडविले. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयातील संग्रह १९४८ मध्ये वाटला गेला: साठ टक्के पाकिस्तानकडे, चाळीस टक्के भारताकडे. जमीन, ग्रंथ, टंकयंत्रे यांच्याप्रमाणे बुद्धाच्या मूर्तींचीही वाटणी झाली! भारताच्या वाट्याला सहाशेहून अधिक गांधारशिल्पे आली. कायमचे घर नसल्यामुळे ती अमृतसर, सिमला व पतियाळा येथे फिरली. अखेर डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने, कॉर्ब्यूझिएच्याच आराखड्यानुसार उभारलेले संग्रहालय ६ मे १९६८ रोजी खुले झाले, आणि निर्वासितांप्रमाणे हिंडलेल्या या मूर्ती स्थिरावल्या.

लाहोर आणि चंडीगड येथील हे दोन भाग मिळूनच जुना संग्रह पुरा होतो. तेव्हा दोन्हीकडील शिल्पे, त्यांची मापे, जुनी छायाचित्रे व नोंदवह्या एकत्र ठेवून अभ्यासणे अगत्याचे आहे. त्यासाठी एकही मूर्ती हलवावी लागणार नाही. पुरातत्त्वज्ञाला मोडलेला स्तूप पुन्हा उभारता येत नाही. परंतु कोणता पट्ट कोणाचा शेजारी होता, हे त्याला पुष्कळदा शोधता येते. दुरावलेल्या दगडांना त्यांचे शेजारी परत मिळवून देणे, हेही इतिहासाचेच कार्य होय.