काटा खोटं बोलतो तेव्हा

मी फौजेतला, पण वैमानिक नव्हे, नुसता बसणारा. लेहला आमचं हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर उठलं, वैमानिकाने मीटरं पाहिली, परत टेकवलं आणि माझी ट्रंक उतरवली. राग आला, पण त्याचं बरोबर होतं. उंचावर हवा विरळ, तापली की आणखी विरळ, आणि इंजिन हवेवरच जगतं. म्हणून विमानातही त्या दिवसाचं तापमान, हवेचा दाब, वजन आणि धावपट्टीची लांबी पाहून किती जोर, म्हणजे थ्रस्ट, लावायचा ते आधी ठरवतात. मीटरवर तो आकडा आला की निघायचं.

पण मीटरच चुकलं तर?

१३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. बर्फ पडतोय. एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ मध्ये जोराचं मुख्य मीटर म्हणजे एक भागाकार: इंजिनाच्या मागचा दाब भागिले पुढून शिरणाऱ्या हवेचा दाब. इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा चालूच केली नव्हती, त्यामुळे पुढचा दाब घेणारी नळी गोठून बुजली. भाजक लहान झाला की उत्तर मोठं येतं, हे शाळेतलं गणित. मीटर म्हणालं २.०४, खरा आकडा होता साधारण १.७०. जवळजवळ पाव जोर गायब!

बाकीची मीटरं मात्र खरं सांगत होती. इंजिनाचे फेरे, मागच्या वायूचं तापमान, इंधनाचा प्रवाह, सगळंच कमी. सहवैमानिकाला ते खटकलं, धावपट्टीवर त्याने एकदा नव्हे, अनेकदा बोलून दाखवलं. कॅप्टन थांबला नाही. त्यात पंखांवरही बर्फ. विमान कसंबसं उठलं, पुलाला धडकलं आणि पोटोमॅक नदीत गेलं. ७८ माणसं गेली, त्यांतली ४ पुलावरची. विमानातले फक्त ५ वाचले. मला सलतं ते हे की दोन्ही इंजिनं धडधाकट होती आणि लिव्हर आणखी पुढे ढकलायला जागा होती.

खरोखर थकलेलं इंजिन वेगळं ओळखू येतं. तेवढ्याच जोरासाठी ते जास्त इंधन पितं आणि जास्त तापतं. म्हणून उड्डाणागणिक हे आकडे नोंदवून ठेवतात. तापमान आणि लाल रेषा यांतलं अंतर महिनोन्महिने घटत गेलं, की इंजिन कुरकुर करायच्या आतच ते पंखाखालून उतरवून दुरुस्तीला पाठवतात.