आतल्याला कोण अडवणार?

२०१४ च्या सुमारास मायक्रोसर्व्हिसचा बोलबाला सुरू झाला. एकाच अवजड प्रणालीतून लॉगिन, शिल्लक, पेमेंट अशा छोट्या सेवा वेगळ्या निघाल्या आणि नेटवर्कवरून एकमेकींशी बोलू लागल्या. बदल करणं सोपं झालं. पहारा मात्र वेशीवरच राहिला. फायरवॉलच्या आतून आलेली विनंती आपलीच, असं सगळे धरून चालले.

हे गृहीत किती महागात पडतं ते पुण्याने ११ ऑगस्ट २०१८ ला, कॉसमॉस बँकेवरच्या सायबर दरोड्यात पाहिलं. बँकेच्या यंत्रणेला कुणी मायक्रोसर्व्हिस म्हणणार नाही, पण दुखणं तेच. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती स्विचकडे जाते, स्विच खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला विचारतो, तिथून होकार आला की नोटा बाहेर. चोरांनी मध्ये बनावट स्विच घुसवला. तो कोअर बँकिंगला विचारतच नव्हता, परस्पर होकार देत होता. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे हाँगकाँगला १३.९२ कोटी रुपये गेले.

वेल्ह्यातल्या राजगडावर याचं उत्तर दगडात बांधलेलं आहे. संजीवनी माची पडली तरी बालेकिल्ला हाती लागत नाही. पुन्हा उभा चढ, पुन्हा दरवाजा. शनिवार-रविवारी हा गड चढणारे पुण्याचे आयटीवाले सोमवारी मात्र दहा सेवांना डेटाबेसचा एकच पासवर्ड देत होते!

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ‘झीरो ट्रस्ट’ची मांडणी प्रसिद्ध केली: विनंती आतून आली तरी तपासा. म्युच्युअल टीएलएसमध्ये दोन्ही सेवा एकमेकींना प्रमाणपत्र दाखवतात. ओळखीचं टोकन थोड्या वेळापुरतं, परवानगी कामापुरती. तरी डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतलं भगदाड उघडं पडलं, तेव्हा ती लायब्ररी आपल्या कुठल्या सेवांत दडली आहे, हेच अनेक कंपन्यांना शोधत बसावं लागलं.

जुलै २०२४ अखेरीस सी-एज या बँकांच्या तंत्रपुरवठादारावर रॅन्समवेअर हल्ला झाला. देशातली किरकोळ पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याची या व्यवस्थेशी असलेली जोडणीच तोडली. सुमारे ३०० छोट्या बँकांचे, प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, व्यवहार थांबले आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. लोकांची गैरसोय झाली, पण माझ्या मते या दहा वर्षांतला हा सर्वांत शहाणा निर्णय.

भोर-वेल्ह्यातही आता चहाच्या टपरीवर क्यूआर कोड असतो, आणि खातं बहुधा सहकारी बँकेत. तिच्या वार्षिक सभेत लाभांशावरून वाद घालाच, पण हेही विचारा: पुरवठादारावर हल्ला झाला, तर त्याची जोडणी कोण तोडणार, आणि किती मिनिटांत?