शेडमधली दुसरी लाइन

जालन्याच्या एमआयडीसीत सळईची गाडी भरली, काट्यावर वजन झालं, ड्रायव्हरनं ताडपत्री आवळली, म्हणून ती गेटबाहेर पडेलच असं नाही. ५० हजारांवरचा माल परराज्यात न्यायचा तर १ एप्रिल २०१८पासून ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ते २५ मे २०१८पासून लागू झालं. पुढे ई-इन्व्हॉइस आलं आणि १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांनाही ते बंधनकारक झालं. रोलिंग मिलच्या धंद्यात पाच कोटी म्हणजे काहीच नाहीत. भट्टी विजेवर चालते, गाडी मात्र इंटरनेटवर.

मी इथं नेटवर्कची कामं करतो. माझी गिऱ्हाईकं म्हणजे सळईचे कारखाने, परतूर-मंठ्याकडच्या जिनिंग आणि बियाण्यांची गोदामं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको काढली तेव्हापासून हे बियाण्यांचंही गाव आहे. फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो. ‘भाऊ, नेट गेलं, गाड्या उभ्या राहिल्या.’ कारणही सहसा एकच: कुठंतरी रस्ता, गटार किंवा पाइपलाइनचं काम चाललेलं असतं, जेसीबीचं बकेट जरा खोल जातं आणि फायबर तुटतं. खोदण्याआधी खाली कुणाची केबल आहे हे कळावं म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अ‍ॅप आणलं. त्याबद्दल मी जेसीबीवाल्यांना विचारतो तेव्हा ते माझ्याकडं दयेनं पाहतात.

जोड मारायला माणूस येईपर्यंत दुपार होते. ‘मग मोबाइलचं हॉटस्पॉट लावा की,’ असं शेठ म्हणतात. लावतातही. पण ज्याच्या मोबाइलवर हॉटस्पॉट असतं तो जेवायला घरी जातो. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला की ऑफिसमधला प्रिंटर त्याला दिसत नाही, आणि काट्यावरचा कॉम्प्युटर तर वायरवरच असतो, त्याला हॉटस्पॉटचा काही उपयोग नाही. दुसरी लाइन माणसाच्या खिशात ठेवून भागत नाही. ती फायरवॉललाच जोडावी लागते.

फायरवॉल म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या गेटवरचा वॉचमन. आत काय येऊ द्यायचं, बाहेर काय जाऊ द्यायचं आणि कोणत्या दारानं, हे तोच ठरवतो. मी बहुतेक ठिकाणी लहानशा कॉम्प्युटरवर पीएफसेन्स बसवतो. ते फुकट मिळतं. मॅन्युएल कास्पर यांनी २००३ साली मोनोवॉल काढलं, त्याला फाटा फुटून २००४मध्ये पीएफसेन्सचं काम सुरू झालं, आणि २०१५मध्ये त्यातून ओपीएनसेन्स निघालं. तिघांच्याही खाली फ्रीबीएसडी. एका पोर्टला फायबर, दुसऱ्याला ऑफिस, आणि यूएसबीला सिमकार्डाचा डोंगल. मांडणी एवढीच.

डोंगल खोचल्यावर पहिली गंमत अशी की तो स्वतःला मोडेम म्हणून ओळख देईलच असं नाही. पुष्कळ डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण विंडोजसाठीचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात भरलेला असतो. त्यांना ‘आता मोडेम हो’ असं वेगळं सांगावं लागतं. तो मोडेम झाला की फायरवॉलला एकदम तीन-चार सिरियल पोर्ट दिसतात. त्यातल्या एकावरूनच फोन लागतो. बाकीचे सिग्नल मोजणं, निदान करणं अशा कामांसाठी. फोन कशावरून लागतो ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हो, फोनच. फोर-जीच्या डोंगलमध्येही पीपीपी जोडणीच्या खिडकीत फोन नंबरचा रकाना असतो आणि त्यात *९९# लिहावं लागतं. ज्यांनी १९९५च्या १५ ऑगस्टनंतर व्हीएसएनएलचं इंटरनेट वापरलं, त्यांना हे चटकन ओळखू येईल. तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मोडेम नंबर फिरवायचा, पलीकडचा मोडेम शिट्ट्या मारायचा आणि जोडणी व्हायची. ज्या गावात सेवा देणाऱ्याचा नंबर नसे, तिथून मोठ्या शहराला एसटीडी लावावा लागे. म्हणजे इंटरनेटचं बिल वेगळं आणि फोनचं वेगळं. मोडेमला कॉम्प्युटरनं हुकूम देण्याची जी भाषा हेज कंपनीनं १९८१च्या स्मार्टमोडेममध्ये आणली, तीच आजही सिमकार्डाच्या मोडेमांत चालते. हुकमाची सुरुवात ‘एटी’ या दोन अक्षरांनी. तेव्हा वेग सेकंदाला ३०० बिट होता, आता कोटींत आहे, पण नमस्कार तोच. *९९#ला खरं तर कुणी उचलत नाही. ‘मला डेटा हवा’ एवढाच त्याचा अर्थ. कुठं जायचं ते एपीएनमध्ये सांगायचं: जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट. यात एक अक्षर चुकलं तरी मोडेम मुकाट बसतो.

काही डोंगल या भानगडीत पडतच नाहीत. ते स्वतःच छोटे राउटर असतात आणि फायरवॉलला साधं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. लावायला सोपे, पण बिघाड शोधायला तितकेच अवघड, कारण आत काय चाललंय ते फायरवॉलला कळत नाही.

खरी डोकेदुखी सॉफ्टवेअरची नसते, पत्र्याची असते. सळईच्या कारखान्याचं ऑफिस शेडच्या एका कोपऱ्यात, वर पत्रे, बाजूला पत्रे, शेजारी लोखंडाची थप्पी. बाहेर रस्त्यावर मोबाइलला भरभरून रेंज, आत सर्व्हरच्या रॅकमध्ये नावापुरती. ‘एटी+सीएसक्यू’ हा हुकूम दिला की मोडेम ० ते ३१ यांतला एक आकडा सांगतो. ९९ आलं तर त्याला काहीच ऐकू येत नाहीये. दहाच्या खाली आकडा आला तर मी पुढचं काम थांबवतो. मग गच्चीवर अँटेना लावा, असं सगळे सुचवतात. पण १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झला बारीक केबलमधून वीस मीटर खाली आणेपर्यंत सिग्नलचा बराच भाग केबलच खाऊन टाकते. त्यापेक्षा मोडेमच वर न्यावा, उन्हापावसात टिकेल अशा डब्यात ठेवावा आणि खाली साधी इथरनेटची केबल आणावी. वीजही तिच्यातूनच वर पाठवता येते. डबा मात्र उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत. मे महिन्यात जालन्यात पारा ४२-४३ला जातो. तेवढ्या उन्हात बंद डब्यातला मोडेम तापून बंद पडला तर दोष त्याचा नव्हे.

यूएसबीचा डोंगल सरळ फायरवॉलला खोचला असेल तर आणखी एक खोड निघते. सिग्नल कमजोर असला की मोडेम जोर लावतो आणि जोर लावला की जास्त करंट ओढतो. साध्या यूएसबी पोर्टला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा. मग ऐन गरजेच्या वेळी डोंगल झटका देऊन गायब होतो आणि पुन्हा उगवतो. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये टाकला की हे थांबतं.

एवढं झालं की दोन लाइनी झाल्या. फायबर पहिल्या पायरीवर, मोबाइल दुसऱ्या. पहिली मेली की दुसरी घ्यायची. आता ‘मेली’ म्हणजे काय, हे फायरवॉलला कोण सांगणार? माझ्या मते सगळं काम इथं आहे, आणि पुष्कळ लोक नेमकं हेच सोडून देतात. फायरवॉल आपणहून समोरच्या पहिल्या टप्प्याला दर अर्ध्या सेकंदाला हाक मारत बसतो. फायबर पुढं कुठंतरी तुटलेलं असतं, पण तो पहिला टप्पा, म्हणजे सेवा देणाऱ्याचा जवळचा राउटर, जिवंत असतो आणि इमानेइतबारे उत्तर देतो. फायरवॉलच्या लेखी सगळं आलबेल, आणि गेटवर गाड्यांची रांग. म्हणून हाक लांबच्या पत्त्याला मारायची, आणि दोन लाइनींसाठी दोन वेगळे पत्ते ठेवायचे.

उलटा त्रासही आहे. २० टक्के पॅकेट हरवली किंवा उत्तराला ५०० मिलिसेकंदांहून उशीर झाला तर लाइन मेली समजायची, अशी पीएफसेन्सची मूळ मांडणी. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की धडधाकट मोबाइल लाइनही या परीक्षेत नापास होते. मग ती मेली, उठली, मेली, असा खेळ सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर अर्धवट भरलेला फॉर्म उडतो. मोबाइलच्या बाजूला मी या मर्यादा मोकळ्या हातानं वाढवतो.

मग प्रश्न येतो, दुसऱ्या लाइनीवरून काय जाऊ द्यायचं. शेठचं उत्तर असतं, ‘सगळं जाऊ द्या ना, काय फरक पडतो?’ फरक असा की फायबर गेल्याचं ऑफिसात कुणाला कळतही नाही. कॉम्प्युटर विंडोजचे अपडेट ओढू लागतात, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर चित्रं ढगात पाठवू लागतो, कुणीतरी रील पाहत असतो, आणि रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा जेवणाच्या सुट्टीआधी संपतो. त्यानंतर कंपनी वेग ६४ केबीपीएसवर आणते, म्हणजे शिट्ट्या मारणाऱ्या ५६ केच्या मोडेमपेक्षा जेमतेम जास्त. आता गंमत पाहा, एक ई-वे बिल काढायला एवढाही वेग पुरेसा आहे, त्यावरून दुसरं काही जात नसेल तर. म्हणून मोबाइल लाइनीवर मी फक्त हिशेबाची दोन-तीन यंत्रं आणि काट्याचं यंत्र सोडतो. बाकी सगळं बंद. यावर ऑफिसमध्ये कुरकुर होते. होऊ द्यावी.

फायबर परत आलं तरी आधी सुरू झालेल्या जोडण्या मोबाइललाच चिकटून राहतात. त्या तोडायला फायरवॉलला आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत डेटा गळत राहतो.

शेठची खरी तक्रार वेगळीच असते: ‘नेट चालू राहिलं, पण घरून क्यामेरे का दिसू नाही राहिले?’ दिसणार नाहीत. मोबाइल कंपनी एक सार्वजनिक पत्ता हजारो गिऱ्हाइकांत वाटून वापरते. या कामासाठी १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास बाजूला काढून ठेवलेले आहेत. अशा पत्त्यावर बाहेरून आत येताच येत नाही. उपाय म्हणजे फायरवॉलनंच आतून बाहेर एक बोगदा काढून ठेवायचा आणि शेठनी त्या बोगद्यातून यायचं. यंत्रांसाठीच्या सिमवर ठरावीक पत्ताही घेता येतो. अशा सिमना १ जुलै २०१८पासून तेरा आकडी नंबर मिळू लागले. पण ती कंपनीच्या नावानं, कागदपत्रं देऊन घ्यावी लागतात, आणि लहान मिलवाला त्या वाटेला जात नाही. तो दुकानातून प्रीपेड सिम आणतो. त्याची मुदत २८ दिवसांची, आणि ते रिचार्ज करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून महिन्यातून एकदा फायबरची वायर मुद्दाम उपटून पाहायची, असं मी अकाउंटंटांना सांगून ठेवलंय. एक-दोघं खरोखर उपटतात.

दोन लाइनी असल्या तरी त्यांचा मार्ग एकच असू शकतो, हेही सांगायला हवं. मोबाइलचा टॉवर हवेत असला तरी त्याचं पोट जमिनीखालच्या फायबरवरच भरतं. त्याच रस्त्याच्या कडेची चारी खणली गेली तर दोन्ही एकदम जातात. म्हणून सिम वेगळ्या कंपनीचं घ्यायचं. तेवढ्यानं खात्री होत नाही, पण एक तरी लाइन टिकण्याची शक्यता वाढते.

आणि मग इंटरनेटबंदी. १ सप्टेंबर २०२३ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या जिल्ह्याला या प्रकाराची सवय करून घ्यावी लागली. २६ फेब्रुवारी २०२४ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद राहिलं. आदेश मोबाइल डेटापुरता असला तर आपण कौतुकानं बसवलेली दुसरी लाइन सगळ्यात आधी जाते. फायरवॉलला यात करण्यासारखं काही उरत नाही. जुना टेलिफोन मोडेम सिरियल पोर्टला लावून निदान बाहेरून फोन करून फायरवॉलची तब्येत पाहता येते. पण त्या मोडेमला तांब्याची तार लागते, आणि नव्या फायबरवरच्या टेलिफोनमधून त्या शिट्ट्या नीट पोचतीलच असं नाही.

अशा दिवसासाठी एक तिसरी वाट आहे, तिला मोडेमच लागत नाही. ई-वे बिलाच्या यंत्रणेत एसएमएसनं बिल काढण्याची सोय ठेवलेली आहे. ई-इन्व्हॉइस तसं निघत नाही, पण ज्यांना ते लागू नाही त्यांची गाडी यावर सुटू शकते. मोबाइल नंबर मात्र पोर्टलवर आधीच नोंदवून ठेवावा लागतो. इंटरनेट गेल्यावर तो नोंदवणार कसा? म्हणून हल्ली दुसरी लाइन बसवून झाली की मी अकाउंटंटला तिथंच बसवून ती नोंदणी करून घेतो, आणि मेसेजचा नमुना छापून मॉनिटरशेजारी चिकटवतो: घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, पोचवायच्या ठिकाणाचा पिनकोड, बिलाचा नंबर आणि तारीख, रक्कम, एचएसएन, अंतर, गाडी नंबर. सळईचा एचएसएन ७२१४ त्यांना झोपेतही पाठ असतो. सगळे अडतात ते पिनकोडवर.