नाताळची सुट्टी आणि पौषातली पौर्णिमा

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला आणि मराठीने तो इतका आपलासा केला की, त्याचे परकेपण आज कुणाला जाणवतही नाही. मात्र शब्द एक असला तरी त्याचा अर्थ मुलखागणिक पालटतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई, शहापूर आणि मुरबाड हे एकाच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. त्यांपैकी वसईत नाताळ हा सण आहे. शहापूर-मुरबाडात ती सुट्टी आहे. हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, पण या दोन तालुक्यांतील घरांच्या वार्षिक भेटीगाठींचे वेळापत्रक त्याने हळूहळू बदलत आणले आहे.

वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोन शतके होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, राज्य गेले, धर्म राहिला आणि घरातली बोलीही राहिली. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. परंतु चर्चमधली उपासना मराठीतून होण्यास दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे १९६२ ते १९६५ हा काळ, उजाडावा लागला. आज वसईतील ख्रिस्ती घरात गव्हाण मांडली जाते, रात्री मिस्सा होते, फुगे तळले जातात, इंद्याळ शिजते आणि करंज्यांचे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते. दिवाळीत त्या घरून फराळ आलेला असतो. ताट रिकामे परत करायचे नाही, ही रीत दोन्ही घरांना ठाऊक असते. मुले आखातात वा कॅनडात असली, तरी वर्षातून एकदा परतायचे तर नाताळालाच, असा त्यांचा आग्रह असतो. सणाचा दिवस आणि रजेचा दिवस तेथे एकच आहे, हे त्यांचे भाग्य.

शहापूर-मुरबाडात ख्रिस्ती घरे तुरळक. तरीही डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात गावोगावच्या ओसऱ्या भरतात. याची कारणे धर्मात नसून कचेरीत आहेत. वर्षअखेर न घेतलेली नैमित्तिक रजा बुडते, हे कारकुनाला सांगावे लागत नाही. आणि शहरातील इंग्रजी शाळा नाताळात आठ-दहा दिवस बंद असतात. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर येथे बिऱ्हाड केलेला मुलगा बायकापोरांसह गावी येतो तो तेव्हाच. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावरून पुन्हा उतरवला जातो आणि नातवंडांच्या हट्टापायी ‘तारा’ म्हणून टांगला जातो. तालुक्याच्या बाजारातून केक येतो. भातकापणी उरकलेली, शेतात वाल आणि हरभरा उभा, सकाळी शेकोटी. अशा दिवसांत चार माणसे एकत्र बसण्यास निमित्त मिळाले, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे? सण दुसऱ्याचा म्हणून आनंद उसना ठरत नाही.

प्रश्न निराळाच आहे. या मुलखाला हिवाळ्यात एकत्र येण्याचा स्वतःचा दिवस फार पूर्वीपासून आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची, म्हणजेच खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकाने, शेतीची अवजारे, तमाशाच्या कनाती, नवस फेडणारी कुटुंबे! पण यात्रा केवळ मैदानात भरत नाही, ती आसपासच्या घरांतही भरते. लेकी माहेरी येतात, जावयांना बोलावणे जाते, शहापूरकडील सोयरे मुक्कामाला राहतात, तांदळाच्या भाकऱ्यांना मोजदाद नसते. लग्नाच्या सोयरिकींची पहिली कुजबुज, बैलजोडीचा सौदा आणि भावाभावांतला जुना रुसवा ही सारी कामे त्या चार दिवसांत मार्गी लागत.

आता अडचण अशी की, नाताळ तारखेने येतो आणि यात्रा तिथीने. पौष पौर्णिमा २०१८ साली २ जानेवारीस होती, २०२४ साली २५ जानेवारीस, २०२६ साली ३ जानेवारीस. सरकत्या दिवसासाठी साहेबाकडे रजा मागणे कठीण. त्यातून मुलगा नुकताच आठवडाभर गावी राहून गेलेला असतो. महिन्याभरात पुन्हा येण्याचे त्याला जड जाते, शाळाही सुरू झालेली असते. परिणामी मुलगा डिसेंबरात येतो, बहीण जानेवारीत, आणि पूर्वी एका पंगतीला बसणारी भावंडे वर्षभर एकमेकांना भेटतच नाहीत. त्यांना एकत्र आणणारा बैलही शेतातून कमी होत चालला आहे. नांगरटीला यंत्र आले, तेव्हा जोडी पाहायला भावाला सोबत न्यावे, हे कारण संपले.

शिवाय ही नवी सुट्टी सर्वांच्या वाट्याला येत नाही. माळशेजच्या वाटेवरील आणि माहुलीच्या पायथ्याशी असलेल्या शेतघरांत मुंबईची कुटुंबे आणि मित्रमंडळी वर्षअखेर साजरी करतात, तेव्हा स्वयंपाक करणारे, ताटे उचलणारे हात शेजारच्याच गावातले असतात. त्या आठवड्यात ते स्वतःच्या घरी जेवायला नसतात. कातकरी वाड्यांचे तर विचारूच नये. दिवाळी सरताच अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना ना तारीख, ना तिथी.

वीटभट्टीचा प्रश्न सुट्ट्यांनी सुटणारा नाही, तो मजुरीचा आणि कर्जाचा आहे. यात्रेचे मात्र काही करता येण्यासारखे आहे. स्थानिक सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतो, मुख्याध्यापकांच्या हातीही वर्षातून एखाददुसरी सुट्टी असते. ती दोन्ही तालुक्यांतील शाळांनी पौष पौर्णिमेसाठी राखावी. नोकरदार भावाने जुन्या वर्षाची रजा बुडू नये म्हणून घाई करण्याऐवजी नव्या वर्षाच्या रजेतील एक दिवस बहिणीच्या नावे काढावा. पंचांग वर्षभर आधी हाती असतेच. २०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे आणि त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, २२ जानेवारी २०२७ रोजी, पौष पौर्णिमाही शुक्रवारीच येते.