मत, मशीन आणि मतदाराचा हेतू

मागच्या खेपेला आपण प्रमाणांचा विचार सुरू केला होता. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कळतं ते कशावरून, असा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, न्यायदर्शनाचा आजच्या काळात उपयोग काय?" तेव्हा चहा आला म्हणून आमची सुटका झाली. आज उत्तर देतो. त्यासाठी मात्र आपल्याला मिथिलेला नाही, फ्लोरिडाला जावं लागेल.

आधी आमचा अधिकार काय ते सांगून टाकू. आम्ही अमेरिकेत एकदाच गेलो, २०१६ च्या शरद ऋतूत, न्यू जर्सीला, नात सांभाळायला. म्हणजे आमचं अमेरिकेविषयीचं प्रत्यक्ष ज्ञान एक बेसमेंट, एक बाबागाडी आणि एक देशी किराणा दुकान एवढंच. पण परक्याला एक फायदा असतो. घरच्यांना जे रोजचं वाटतं, त्याचं त्याला आश्चर्य वाटतं.

पहिलं आश्चर्य वार. मतदान मंगळवारी, आणि बऱ्याच ठिकाणी सुट्टी नाही. का? तर १८४५ साली काँग्रेसने ठरवलं की नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. शेतकऱ्याला घोडागाडीतून तालुक्याच्या गावी यायला एक दिवस लागायचा. रविवार चर्चचा, बुधवार बाजाराचा, मग उरला मंगळवार. घोडे गेले, गाड्या आल्या, आता चालकाविना धावणाऱ्या गाड्याही आल्या. मंगळवार तिथेच आहे. ज्या देशातली माणसं दर सप्टेंबरला फोन बदलतात, त्यांनी मतदानाचा वार पावणेदोनशे वर्षांत बदललेला नाही. परंपरावादी म्हणून नावं मात्र आपल्याला ठेवायची!

दुसरं आश्चर्य असं, की निवडणूक कुणी घेतो, हेच सापडेना. आपल्याकडे निवडणूक आयोग आहे. तिथे फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती पैशांचे हिशेब बघते. तिचे सदस्य सहा, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त असायचे नाहीत, आणि कुठल्याही कारवाईला चार मतं लागतात. म्हणजे काही करायचं नाही याची सोय घटनेसारखी पक्की! मतदान घेतात राज्यं, आणि प्रत्यक्षात तीन हजारांहून जास्त काउंट्या. प्रत्येकीचे नियम निराळे, यंत्रं निराळी. मग रात्री "अमुक निवडून आले" हे सांगतं कोण? तर असोसिएटेड प्रेस. एक वृत्तसंस्था! १८४८ पासून ती हे काम करते आहे. अधिकृत शिक्का नंतर काही आठवड्यांनी बसतो, पण जग मानतं ते तिचा शब्द. न्यायदर्शनात याला आप्तवाक्य म्हणतात. जो विश्वासार्ह, जाणकार आणि खरं सांगणारा, तो आप्त. त्याचं वचन हे शब्दप्रमाण. एवढी मोठी लोकशाही शब्दप्रमाणावर चालते, हे पाहून आम्हाला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

आता येऊ फ्लोरिडाकडे. ७ नोव्हेंबर २०००. बुश विरुद्ध गोर. त्या रात्री आप्तांनी आधी सांगितलं, फ्लोरिडा गोर यांचं. मग म्हणाले, माहीत नाही. मग म्हणाले, बुश यांचं. मग पुन्हा, माहीत नाही. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केलं आणि तासाभरानं पुन्हा फोन करून ते परत घेतलं. दिलेलं अभिनंदन परत घेता येतं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. शेवटी फरक निघाला ५३७ मतांचा, सुमारे साठ लाखांत. देशभरात गोर यांना सुमारे साडेपाच लाख मतं जास्त होती. पण तिथे अध्यक्ष जनता थेट निवडत नाही. ५३८ निर्वाचक निवडतात, आणि फ्लोरिडाचे पंचवीस ज्याच्या पदरात पडतील, तो अध्यक्ष.

मग सुरू झालं मोजणं. फ्लोरिडाच्या बऱ्याच काउंट्यांत भोकाची कार्डं होती. मतदार एक टोचणी घेऊन कार्डातल्या खुणेवर टोचतो, कागदाचा बारीक चौकोनी तुकडा खाली पडतो आणि यंत्र त्या भोकातून मत वाचतं. हे यंत्र १९६० च्या दशकात बर्कलीच्या एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकानं काढलं. प्राध्यापकांनी यंत्रं काढू नयेत असं आमचं जुनं मत आहे, असो. अडचण अशी झाली, की तो तुकडा नेहमी पडत नाही. कधी एका कोपऱ्यावर लोंबतो, कधी दोन कोपऱ्यांवर झुलतो, कधी तीन कोपरे धरून बसतो, आणि कधी नुसताच फुगतो, सुटत नाही. त्या तुकड्याला इंग्रजीत चॅड म्हणतात, आणि लोंबता, झुलता, तीनकोपरी, गरोदर अशी त्याची जातवारी झाली. वर्तमानपत्रात फोटो आला होता. एक न्यायाधीश भिंग डोळ्याला लावून, कार्ड उजेडाकडे धरून, डोळे वटारून बघताहेत. महासत्तेचा अध्यक्ष कोण, हे त्या भिंगातून ठरत होतं.

आम्ही तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. पुढच्या सत्रात हे प्रकरण वर्गात घेतलं, कारण इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात मिळायचं नाही. फ्लोरिडाचा कायदा म्हणत होता, 'मतदाराचा हेतू' स्पष्ट दिसला तर मत धरावं. हेतू! आपल्याकडे या शब्दाचे दोन अर्थ. व्यवहारात हेतू म्हणजे मनातला इरादा. अनुमानात हेतू म्हणजे ज्या खुणेवरून आपण न दिसणारी गोष्ट ओळखतो ती खूण. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू. आता फ्लोरिडात मतदाराचा इरादा कळायचा तो कार्डाच्या फुगवट्यावरून. म्हणजे हेतू हाच हेतू! प्रश्न एवढाच: जिथे जिथे फुगवटा तिथे तिथे इरादा, ही व्याप्ती खरी का? कुणी टोचणी टेकवली, विचार बदलला आणि उचलली. कुणी नीट दाबली, पण खाली आधीचे तुकडे साचलेले, म्हणून भोक पडलं नाही. दोघांचा फुगवटा सारखाच. यालाच हेत्वाभास म्हणतात. खूण आहे, पण ती दोन्हीकडे नेते. एका काउंटीत फुगवटा चालला, दुसरीत नाही.

पाम बीच काउंटीत तर आणखी गंमत. तिथे ज्येष्ठ मतदार पुष्कळ. त्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं केलं. मोठं केलं म्हणून नावं एका पानात मावेनात. मग ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि भोकांची रांग मधोमध ठेवली. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्यूकॅनन यांचं. ब्यूकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं पडली, आणि खुद्द त्यांनीच टीव्हीवर सांगितलं, की यातली बहुतेक माझी नसावीत. सुमारे १९ हजार कार्डांवर अध्यक्षपदासाठी एकाहून जास्त भोकं निघाली, ती सगळी बाद. इथे फसवणूक कुणी केली नाही, हे लक्षात घ्या. चांगुलपणानं अक्षर मोठं केलं, एवढंच.

१२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी थांबवली. निकालपत्रात असंही म्हटलं, की हा विचार सध्याच्या परिस्थितीपुरताच मर्यादित आहे. कांट म्हणतो, तुमचा नियम सर्वांना सर्वकाळ लागू करता आला पाहिजे. इथे एकदाच वापरायचा नियम निघाला. इंजेक्शनच्या सुईसारखा! वापरा आणि टाका.

आता तंत्रज्ञानाकडे वळू. अमेरिकन मनाची एक खासियत आहे. यंत्रानं घोटाळा केला, की ते म्हणतात, याहून नवं यंत्र आणा. २००२ साली कायदा झाला, राज्यांना तीनशे कोटी डॉलरहून अधिक मिळाले आणि टचस्क्रीन आले. भोक नाही, तुकडा नाही, कागदच नाही! २००६ साली फ्लोरिडातच, सॅरसोटा काउंटीत, प्रतिनिधिगृहाच्या लढतीत सुमारे १८ हजार मतपत्रिकांवर त्या पदासाठी मतच सापडलं नाही. जय-पराजयातला फरक ३६९. आता भिंग घेऊन बघणार काय? कागदच नव्हता. आधी फुगवटा तरी होता, आता अनुमानालाही जागा नाही. पुढच्या वर्षी फ्लोरिडानं कागदाकडे परतायचा कायदा केला. आज तिथे बहुतेक मतं कागदावर नोंदली जातात. म्हणजे अब्जावधी डॉलर खर्चून गाडी कागदापासून निघाली आणि कागदापाशी आली.

शिकले का? २०२० साली आयोवात डेमोक्रॅटिक पक्षानं आपल्या सभांचे आकडे एका ॲपवरून गोळा करायचे ठरवले. ॲप चाललं नाही, फोन लागेनात, निकाल दिवसेंदिवस लांबला. ॲप करणाऱ्या कंपनीचं नाव शॅडो, म्हणजे सावली. हे आम्ही रचलेलं नाही.

न्यू जर्सीत २०१६ साली आमचे जावई ऑफिसला जाण्याआधी मत देऊन आले. तिथली यंत्रं तेव्हा बिनकागदाची. आम्ही विचारलं, "मत कुणाला गेलं ते कळलं का?" ते म्हणाले, "बाबा, मी बटण दाबलं, दिवा लागला." आम्ही म्हणालो, "म्हणजे दिव्याचं ज्ञान प्रत्यक्ष. मताचं?" मुलीनं आम्हाला नातीचे डायपर आणायला पाठवलं. चर्चा अपुरी राहिली, ती आज पुरी करू.

मुद्दा असा आहे. कागद मोजताना चार पक्षांची चार माणसं समोर बसून बघतात. ते प्रत्यक्ष. बिनकागदी यंत्रात आपण कंपनीच्या, अभियंत्याच्या, अधिकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबतो. ते शब्दप्रमाण. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ साली हीच गोष्ट ओळखली. २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रं चुकली असं कुणी दाखवलं नव्हतं, म्हणून निवडणूक रद्द झाली नाही. तरीही त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरला, कारण खास ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला मोजणी तपासता आली पाहिजे. आपल्याकडे मतदान यंत्राला चिठ्ठी जोडली, तीही याच तहानेपोटी. केरळात परवूरला १९८२ साली हे यंत्र पहिल्यांदा वापरलं, तेव्हापासून आपलाही वाद चालूच आहे. तेव्हा हसताना थोडं जपून.

मग कागद आला की प्रश्न मिटला का? इथे आमचं न्यायदर्शन थोडं अडखळतं, हे कबूल करू. २०२० साली जॉर्जिया राज्यात सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हातानं मोजल्या. बायडन यांची सुमारे १२ हजारांची आघाडी कायम राहिली. प्रत्यक्ष प्रमाण! तरीही ज्यांना मानायचं नव्हतं त्यांनी मानलं नाही. यंत्रांनी मतं फिरवली असं एका वाहिनीवर सांगितलं गेलं. डोमिनियन ही यंत्रांची कंपनी कोर्टात गेली, आणि २०२३ साली फॉक्स न्यूजनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. खोट्याची एवढी मोठी पावती क्वचितच फाटली असेल. तरी ती पावती पाहून किती जणांचं मत बदललं असेल, याची आम्हाला शंकाच आहे. २०२४ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना फोन आले. आवाज बायडन यांचा, सल्ला असा की प्राथमिक फेरीत मत देऊ नका. आवाज यंत्रानं बनवलेला. आता आप्ताचा आवाजही आप्ताचा राहिला नाही.

तर श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर. निवडणूक कशासाठी असते? जिंकणाऱ्याला पटवायला पुरावा लागत नाही, त्याला आधीच पटलेलं असतं. निवडणूक असते ती हरणाऱ्याला पटवायला. ६ जानेवारी २००१ रोजी उपाध्यक्ष या नात्यानं निर्वाचकांची मतं जाहीर करायला कोण बसलं होतं? गोर! त्यांच्याच पक्षाचे सभासद उठून हरकत घेत होते, आणि गोर नियमावर बोट ठेवून त्यांना खाली बसवत होते, कारण हरकतीवर एकाही सिनेटरची सही नव्हती. ५३७ मतांनी हरलेला माणूस स्वतःचा पराभव वाचून दाखवत होता. बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच इमारतीच्या काचा फुटल्या. आणि ६ जानेवारी २०२५ ला कमला हॅरिस यांनी पुन्हा, स्वतःचा पराभव शांतपणे वाचला.

आम्ही मंगळवारला हसलो, भोकाला हसलो, ॲपला हसलो. पण गोर यांच्या त्या दुपारला हसता येत नाही. भोकाचं कार्ड सदोष, छपाई सदोष, निकाल वादग्रस्त. लोकशाही टिकली, ती हरलेल्या माणसानं "ठीक आहे" म्हटलं म्हणून. कागद हवाच, कारण त्याशिवाय "ठीक आहे" म्हणायला आधार नाही. पण ते म्हणायचं की नाही, हे कागद ठरवत नाही. ते यंत्र अजून कुणी काढलेलं नाही. प्राध्यापकांनी तर नाहीच.

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाणाकडेच राहू: आप्त कोणाला म्हणायचं, आणि आप्त चुकला तर काय करायचं. येताना आपापल्या व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड घेऊन या. आज अमेरिकेला हसलो, तेव्हा आपली पाळी यायला हवी.